केळीचा भाव उघडायला सात सेकंद का लागतात?

प्रश्न : दादा, मी रावेर तालुक्यातला. घरची केळीची बाग आहे आणि शिक्षण कम्प्युटरचं झालंय, म्हणून आमच्याकडच्या शेतकऱ्यांसाठी रोजचे केळी भाव दाखवणारी छोटी वेबसाईट बनवली. नवती, पिलबाग, वापसी अशा केळीच्या प्रतींचे भाव, पाच ठिकाणचे. पण पान उघडायला सहा-सात सेकंद लागतात. व्यापारी बांधावर उभा असतो, शेतकरी मोबाईल हातात धरून बसतो आणि ते चक्र नुसतं गोल फिरत राहतं. होस्टिंग स्वस्त मिळालं म्हणून अमेरिकेतलं घेतलं होतं. आता ते म्हणतात मोठा प्लॅन घ्या, बँडविड्थ वाढवा. घेऊ का? स्क्रीनशॉट सोबत जोडलेत.
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : नका घेऊ भाऊ, पैसे वाया जातील. तुमचे स्क्रीनशॉट मी नीट बघितले, पिंग (साईट ठेवलेल्या कम्प्युटरला, म्हणजे सर्व्हरला, हाक मारून उत्तर यायला लागणारा वेळ) २४० मिलीसेकंद दाखवतोय आणि खरा घोळ त्या आकड्यातच आहे. बँडविड्थ म्हणजे एका वेळी माल किती जातो, आणि लेटन्सी म्हणजे निघालेला माल पोचायला वेळ किती लागतो. सावदा स्टेशनवरून दिल्लीला जाणाऱ्या केळीच्या गाडीला चार डबे जास्त जोडले तर माल जास्त जाईल, पण गाडी काही दिल्लीला लवकर पोचणार नाही. तुमचं पान अगदी छोटं आहे, त्याला डबे नकोत, त्याला अंतर कमी करून हवंय.

फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेघेत धरला तरी १२ हजार किलोमीटरच्या वर, आणि समुद्रातली केबल काही सरळ जात नाही. म्हणजे नुसतं जाऊन परत यायलाच १२० मिलीसेकंदाच्या पुढे गेले, मधल्या राउटरचा वेळ वेगळा, तुमच्या मोबाईल टॉवरचा वेगळा. हे कुठल्याच प्लॅनने कमी होत नाही.

बरं, एक फेरी २४० ची असती तर कुणाला कळलंही नसतं, पण फेऱ्या किती होतात ते बघा. आधी टीसीपीची, म्हणजे मोबाईल आणि सर्व्हर जोडणाऱ्या नियमांची ओळखपाळख, एक फेरी. मग एचटीटीपीएसचं कुलूप (मधल्या कुणी वाचू नये म्हणून) लावायला तुमचा सर्व्हर अजून टीएलएस नावाच्या पद्धतीची जुनी १.२ आवृत्ती वापरतोय, त्याच्या दोन फेऱ्या. मग खरी मागणी जाते आणि उत्तर येतं, चौथी फेरी. चार गुणिले २४० म्हणजे ९६० मिलीसेकंद, आणि तुमच्याकडे पहिला बाईट हातात यायलाच १.९ सेकंद दिसतायत, म्हणजे उरलेला जवळजवळ एक सेकंद तुमचा डेटाबेस खातोय. त्याच्यावर पाच ठिकाणचे भाव तुम्ही पाच वेगळ्या रिक्वेस्टने मागवता आणि तेही एक आल्यावर दुसरी, अजून पाच फेऱ्या, कमीत कमी १.२ सेकंद गेले. हे मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण हे फुकटात सुधारतं. पाचही भाव एकाच जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या साध्या मजकुरात) पाठवा, त्याच्यापेक्षा चांगलं म्हणजे सर्व्हरवरच एचटीएमएलमध्ये छापून टाका, वेगळं काही मागवायलाच नको.

सर्व्हर मुंबईला आणा. अ‍ॅमेझॉनचं क्लाउड मुंबईत २०१६ मध्ये आलं, गुगलचं २०१७ मध्ये, त्यामुळे खानदेशातल्या माणसाने रावेरचा भाव अमेरिकेला पाठवून परत मागवायचं आता काही कारण उरलं नाही. मुंबई तुमच्यापासून साडेचारशे-पाचशे किलोमीटर, फायबरमधून जाणं-येणं पाच मिलीसेकंदाचं, मोबाईल नेटवर्कचा वेळ धरून ५०-६० मध्ये काम व्हायला हवं. टीएलएस १.३ चालू करा, २०१८ पासूनचं आहे, त्याने कुलपाची एक फेरी वाचते. म्हणजे तीन फेऱ्या, दोनशे मिलीसेकंदाच्या आत, कुठे ९६० आणि कुठे हे!

आता तो डेटाबेसचा एक सेकंद. भाव दिवसातून एकदा निघतो ना, मग प्रत्येक माणूस आला की सगळी जुनी टेबलं कशाला चाळायची? तुम्ही भाव टाकला की पान एकदाच तयार करून ठेवा आणि येईल त्याला तेच तयार पान द्या. ब्राऊजरने पान किती वेळ जपून ठेवून तेच दाखवायचं ते कॅश-कंट्रोलमध्ये सांगता येतं, तिथे पाच मिनिटं सांगा, लोगो आणि फॉन्टला खुशाल एक वर्ष द्या, फक्त फाईल बदलली की नाव बदलायचं. पण इथे एक काळजी मनापासून घ्या. भाव कोणत्या तारखेचा आणि किती वाजता टाकलाय हे त्याच्या शेजारीच मोठ्या अक्षरात दिसलं पाहिजे, कारण कॅशमधला कालचा भाव बघून कुणी आजची कटाई ठरवली तर त्याचं क्विंटलमागे नुकसान होईल, पान पळतंय याला मग काही किंमत राहत नाही.

अजून एक आपल्या मराठीचं. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) इंग्रजीचं अक्षर एका बाईटचं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाईटचं, म्हणून आपलं पान उगाच फुगतं. सर्व्हरवर जीझिप नाहीतर ब्रॉटली ही मजकूर दाबून लहान करायची सोय चालू केली की ते जाम दाबलं जातं, आणि तुमच्याकडे दोन्ही बंद आहेत. टीसीपी सुरुवातीला साधारण १० पॅकेटच पाठवतं, म्हणजे १४ केबीच्या आसपास, आणि पोच आल्यावर मग वाढवत जातं. दाबलेलं एचटीएमएल त्या १४ केबीत बसवलं तर अख्खा भाव पहिल्याच खेपेत येतो. फॉन्ट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून आणताय तेही बंद करा, त्या एका फॉन्टसाठी नवीन कनेक्शन आणि पुन्हा सगळ्या फेऱ्या. तो आपल्याच सर्व्हरवर ठेवा आणि येईपर्यंत मोबाईलमधल्या साध्या फॉन्टमध्ये आकडे दिसू द्या. वरचा घडाचा फोटो २.८ एमबीचा आहे, तो वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात करून लहान करा किंवा काढूनच टाका, शेतकऱ्याला घड कसा असतो ते माहीत आहे.

दर पाच सेकंदाला पान आपोआप भाव विचारतं तेही नको, वेबसॉकेट (सतत उघडी ठेवलेली जोडणी) तर अजिबात नको. आणि हे सगळं झाल्यावर घरच्या वायफायवर तपासू नका. स्वस्तातला फोन घ्या, बागेत मधोमध जा, चारी बाजूला केळी आणि रेंजची एकच काडी, तिथे उघडून बघा आणि आकडे मला परत कळवा.

प्रश्न : सर, मी शिरपूरला शिकते. आमच्या प्रोजेक्टच्या साईटवर एचटीटीपी ३ चालू केलं तर खरंच फरक पडतो का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : पडतो ताई, आणि रेंज जितकी वाईट तितका जास्त. ब्राऊजर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांची ही नवी आवृत्ती २०२२ मध्ये प्रमाणित झाली आणि क्विक नावाच्या प्रोटोकॉलवर चालते, त्यात कनेक्शन आणि कुलूप एकाच फेरीत होतं. एचटीटीपी २ मध्ये एक पॅकेट हरवलं की मागचं सगळं अडकून बसतं, इथे फक्त ज्या फाईलचं हरवलं तीच थांबते, बाकीच्या येत राहतात. फक्त सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये (राखणदारात) यूडीपीचा ४४३ पोर्ट, म्हणजे दार, उघडा, कारण क्विक टीसीपीऐवजी यूडीपीवरून जातं, बऱ्याच ठिकाणी टीसीपीचाच उघडा असतो आणि मग सेटिंगमध्ये ३ दिसतं पण ब्राऊजर २ वरच बोलत बसतो.