पित्ताची गोळी कुटून नळीतून द्यावी का?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि गिळता येत नसल्यामुळे नाकातून पोटात राईल्स ट्यूब घातली आहे. घरी सोडताना रोज सकाळी पॅन्टोप्राझोल ४० ची एक गोळी, तसेच रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल लिहून दिले. ते नळीतून कसे द्यायचे हे मात्र कोणी सांगितले नाही. आई सगळ्या गोळ्या खलबत्त्यात एकत्र कुटून पेजेत कालवून देते. मध्यंतरी दुकानदाराने सुचवल्यावरून पॅन्टोप्राझोलऐवजी त्याच गटातल्या ओमेप्राझोलची कॅप्सूल फोडून आतले दाणे नळीत सोडले, तर नळीच चोंदली आणि बदलावी लागली. योग्य पद्धत कोणती?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्याकडे पॅन्टोप्राझोलला पित्ताची गोळी म्हणतात, पण पित्त यकृतात तयार होते आणि या गोळीचा त्याच्याशी संबंध नाही, ती कमी करते ते जठरातले आम्ल. अडचण अशी, की हे औषध स्वतःच आम्लात टिकत नाही. म्हणून गोळीवर असे आवरण चढवलेले असते, की ते जठरात शाबूत राहून लहान आतड्यात पोहोचल्यावरच विरघळावे. तेथून औषध रक्तात जाते आणि रक्तावाटे फिरून जठराच्या अस्तरातील आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत येते. खलबत्त्यातल्या पहिल्याच घावाला ते आवरण फुटते, उघडी पडलेली पूड नळीतून थेट जठरात उतरते आणि बरेचसे औषध काम करण्याआधीच वाया जाते. आपल्या आईंनी दोन महिने जे कष्ट घेतले त्यात त्यांची काही चूक नाही. हे घरी सोडतानाच सांगायला हवे होते.

कॅप्सूलमधल्या प्रत्येक दाण्यावर तसेच आवरण असते, त्यामुळे ते दाणे कुटायचे नाहीत हे खरे. पण साध्या पाण्यात ते तळाशी बसतात आणि बारीक नळीत अडकतात. काही कंपन्यांची दाणेदार औषधे सफरचंदाच्या रसात मिसळून, तीही १६ फ्रेंच (फ्रेंच हे नळीच्या जाडीचे माप) किंवा त्याहून जाड नळीतूनच द्यावीत, अशी सूचना असते. आपल्या नळीच्या बाहेरच्या टोकाचा रंग पाहावा : नारिंगी असेल तर ती साधारणपणे १६ ची, हिरवा असेल तर १४ ची असते.

याच गटातल्या औषधांचे नळीसाठी सोयीचे दोन प्रकार आहेत. पहिला, एसोमेप्राझोलची दाणेदार पुडी, जी १५ मिलिलिटर पाण्यात ढवळून, दोन-तीन मिनिटे दाट होऊ देऊन, अर्ध्या तासाच्या आत देतात. दुसरा, तोंडात विरघळणारी लॅन्सोप्राझोलची गोळी : ३० मिलिग्रॅमची गोळी सिरिंजमध्ये १० मिलिलिटर पाण्यात न कुटता विरू द्यायची, हलवायची आणि १५ मिनिटांच्या आत सोडायची, ती ८ फ्रेंचच्या नळीतूनही जाते. आपल्या वडिलांच्या बाबतीत मी डॉक्टरांना दुसऱ्या प्रकाराविषयी विचारण्यास सांगेन. कारण ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल ही दोन्ही औषधे यकृतात क्लोपिडोग्रेलच्या आड येतात आणि त्याचा परिणाम कमी करतात, म्हणून ती एकत्र टाळतात. लॅन्सोप्राझोलचा हा त्रास बराच कमी आहे. त्या दृष्टीने दुकानदाराने सुचवलेली कॅप्सूल दुहेरी गैरसोयीची होती. मात्र डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत औषध आपल्या मनाने बंद करू नये, कारण अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र चालू असताना जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणूनच ते दिलेले असते. चिठ्ठीतली अ‍ॅस्पिरिनची गोळीही आवरणाची असेल तर तीसुद्धा कुटू नये, पाण्यात विरघळणारी मागावी.

देण्याची रीत अशी. पेज भरवण्याच्या अर्धा ते एक तास आधी, वडिलांना उशांच्या आधाराने अर्धवट बसवून, नाकपुडीशी असलेली नळीवरची खूण सरकलेली नाही हे पाहून, आधी १५ ते ३० मिलिलिटर पाणी सोडावे, मग औषध, मग पुन्हा तेवढेच पाणी. प्रत्येक औषध वेगळे द्यावे आणि दोन औषधांच्या मध्ये थोडे पाणी जाऊ द्यावे. पेजेत कालवल्याने औषध किती पोटात गेले ते कळत नाही आणि नळी चोंदण्याचे ते मुख्य कारण असते. नळाला रोज पाणी येत नसलेल्या घरांत पिंपातले साठवणीचे पाणी वापरले जाते. नळीसाठी ते उकळून गार केलेले असावे. डॉक्टरांनी दिवसभराच्या पाण्याचे माप ठरवून दिले असेल तर हे पाणीही त्यात धरावे.

नळी पुन्हा अडलीच तर कोमट पाणी मोठ्या सिरिंजने हलकेच आत-बाहेर करून पाहावे; लहान सिरिंजचा दाब जास्त बसतो आणि नळी फाटू शकते. आत तार तर मुळीच घालू नये. ज्या गोळ्या कुटायला डॉक्टरांची हरकत नाही त्यांच्यासाठी स्वतंत्र खल ठेवावा, कारण शेंगाच्या चटणीच्या खलबत्त्यात घासून धुतल्यावरही दाण्याचे कण आणि तेल चिकटून राहते.