क्ष दोन की दहा?

प्रश्न : मॅडम, धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकात सोडियम कार्बोनेटच्या प्रत्येक मोलमागे (मोल म्हणजे कण मोजायचं ठरावीक एकक) पाण्याचे किती मोल असतात (क्ष), हे टायट्रेशनने (किती आम्ल लागतं ते थेंबाथेंबाने मोजून) काढायचं होतं. ३.५७५ ग्रॅम स्फटिक विरघळवून द्रावण २५० मिली केलं. त्यातलं २५ मिली पिपेटने घेऊन मिथिल ऑरेंज (रंग बदलून क्रियेचा शेवट दाखवणारा दर्शक) घातलं. ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचं रीडिंग लागोपाठ २५.० मिली आलं. गणितात क्ष २.०६ येतो, म्हणून मी २ लिहिलं. पुस्तकात १० आहे. मी कुठे चुकले?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : प्रयोगात कुठेच नाही. लागोपाठ सारखं रीडिंग येतंय म्हणजे ब्युरेटवर तुझा हात छान बसलाय. चूक कागदावर आहे, तीही एकाच ओळीत.

२५ मिली, ०.१ मोलर आम्ल म्हणजे ०.००२५ मोल. हे बरोबर. पुढच्या ओळीत तू कार्बोनेटही ०.००२५ मोलच धरलंस. पण कार्बोनेटच्या एका मोलला आम्लाचे दोन मोल लागतात : पहिल्याने त्याचं बायकार्बोनेट होतं, दुसऱ्याने कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. म्हणजे कार्बोनेट निम्मं, ०.००१२५ मोल. हे झालं २५ मिलीतलं. सगळ्या २५० मिलीत ०.०१२५ मोल. आता ३.५७५ ला ०.०१२५ ने भाग, २८६ येतात, म्हणजे स्फटिकाच्या एका मोलचे ग्रॅम. त्यातून सोडियम कार्बोनेटचे १०६ वजा केले की उरतात १८०. पाण्याच्या एका मोलचे १८ ग्रॅम, म्हणून क्ष १०.

‘एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू’ (एम म्हणजे द्रावणाची मोलर तीव्रता, व्ही म्हणजे आकारमान) हे सूत्र मुलं डोळे झाकून वापरतात, याचं मला फार वाईट वाटतं. ते टायट्रेशनमध्ये एकास एक प्रमाण असेल तेव्हाच चालतं. वहीत आधी संतुलित समीकरण लिही, मग आकड्यांना हात लाव. तुझ्या बाबतीत २.०६ हा आकडा पूर्णांकाच्या इतका जवळ आला की शंका यायला जागाच उरली नाही.

दर्शक बदलला तर हे प्रमाणही बदलतं. मिथिल ऑरेंजऐवजी फिनॉल्फथॅलिन घातलंस, तर याच द्रावणाचा गुलाबी रंग साधारण १२.५ मिलीलाच जाईल, कारण तिथे फक्त पहिली पायरी पुरी होते. तेव्हा मात्र एकास एकच धरायचं.

आणखी एक. हे स्फटिक उघडे राहिले की त्यांतलं पाणी उडून जातं आणि वर पांढरी भुकटी धरते. अशा नमुन्याचं तेवढंच वजन घेतलं तर त्यात कार्बोनेट जास्त भरतं, रीडिंग वाढतं. समज, २६.० मिली आलं, तर क्ष साधारण ९.४ निघेल. तो ओढूनताणून १० करू नकोस. ९.४ च लिही आणि शेजारी स्फटिक कसे दिसत होते तेही नोंदव.