हॅन्सवरची तारीख

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं. डबा खाताना बंदुकीवरून खटका उडाला, तू "तुम्हा लोकांना वेड लागलंय" म्हणालीस, आणि तेव्हापासून तुमच्या रेसिंग टीमच्या शॉपमधली दोन माणसं तुझ्याशी कामापुरतंच बोलतात. नोकरी सोडू की तोंड बंद ठेवू, असं विचारलंयस. दोन्हीपैकी काहीच करू नकोस.

आधी कायद्याचं, कारण ते शनिवारपर्यंत थांबणार नाही. त्यांच्यातल्या तिसऱ्याने तुला शनिवारी शूटिंग रेंजवर बोलावलंय. तू स्टुडंट व्हिसावर आहेस. तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला इथे अमेरिकेत केंद्रीय कायद्याची बंदी आहे. मोजके अपवाद आहेत, शिकारीचा परवाना त्यातला एक. दुसऱ्याची बंदूक रेंजवर पाच मिनिटं हातात घेतली तरी ते 'बाळगणं' ठरू शकतं. तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. "व्हिसामुळे जमत नाही" एवढं सरळ सांग. त्याने प्रेमाने बोलावलंय, तो समजून घेईल.

आता त्या माणसांबद्दल. आपल्याकडे बंदूक म्हणजे परवान्याचा अर्ज, कलेक्टर कचेरीत खेटे, आणि निवडणूक लागली की बहुतेकदा हत्यार पोलीस ठाण्यात जमा. त्या सवयीने तू बोललीस. मीही पहिली काही वर्षं तसाच विचार करायचे. पण ज्या खेळासाठी तू कॉलेजात बाहा स्पर्धेची गाडी बांधताना रात्र-रात्र जागलीस आणि ती घेऊन पिथमपूरला गेलीस, तो खेळ इथे कुठून आला ते माहीत करून घे. दारूबंदीच्या काळात आणि नंतरही इथल्या, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातून हातभट्टीची दारू रातोरात शहरात पोचवायची, आणि मागे अबकारी खात्याची माणसं. इंजिनाची ताकद वाढवायची, मागच्या स्प्रिंगा ताठ करायच्या, म्हणजे माल भरला तरी गाडी बसलेली दिसणार नाही. १९४८ साली बिल फ्रान्स यांनी डेटोना बीचला नॅस्कार ही मोटर रेसिंगची संस्था उभी केली, तेव्हा सुरुवातीच्या ड्रायव्हरांतले बरेच जण याच धंद्यात हात तयार झालेले. त्यांच्यातला ज्युनिअर जॉन्सन तुझ्या शॉपपासून तासाभरावरच्या विल्क्स काउंटीतला. १९५६ साली वडिलांच्या भट्टीच्या प्रकरणात त्याला शिक्षा झाली, अकरा महिने तुरुंगात काढले. १९८६ साली अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

आणि हे नीट बघ. भट्ट्या फोडणाऱ्या त्याच खात्याकडे १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याची अंमलबजावणी आली. १९७२ साली त्याचा वेगळा विभाग झाला, ज्याच्या नावातच दारू, तंबाखू आणि बंदुका एकत्र आहेत. म्हणजे आजोबांची भट्टी फोडणारं खातं आणि नातवाच्या बंदुकीवर नजर ठेवणारं खातं एकाच घरातलं. तुझ्या समोर बसलेला माणूस "सरकार घरात शिरेल" म्हणतो तेव्हा तो हवेत बोलत नसतो. त्याच्या घरात ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली गेलीय.

हे सगळं समजून घेऊनही मला वाटतं ते सांगते: इथले बंदुकीचे कायदे फार ढिले आहेत, आणि त्याची किंमत मुलं मोजतात. १४ डिसेंबर २०१२ ला कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. मुलं पहिलीतली. माझी लेक तेव्हा पहिलीत होती. शुक्रवार होता तो. सोमवारी मी शॉपमध्ये आले आणि दिवसभर एक शब्द बोलले नाही. कुणाशी भांडण नको, नोकरी जायला नको. ते गप्प बसणं मला आजही टोचतं.

दोन महिन्यांनी नॅस्कारच्या डेटोना ५०० या रेसला ड्रायव्हर मायकेल वॉल्ट्रिपची गाडी २६ नंबर घेऊन धावली, त्या सव्वीस जणांच्या आठवणीत. आम्ही टीव्हीसमोर उभे राहून बघितलं. आणि त्याच मोसमात, १३ एप्रिलला, टेक्सासच्या रेसचं नाव होतं 'एनआरए ५००'. बंदूकधारकांच्या त्या संघटनेने रेसला आपलं नाव दिलं होतं. कनेटिकटचे सिनेटर ख्रिस मर्फी यांनी फॉक्स टीव्हीच्या मर्डोक यांना पत्र लिहून ही रेस दाखवू नका म्हणून विनवलं. ती दाखवली गेलीच. काइल बुश जिंकला. टेक्सासच्या त्या ट्रॅकची प्रथा अशी की विजेत्याने काउबॉय हॅट घालायची आणि दोन्ही हातांत रिव्हॉल्व्हर घेऊन हवेत खोटी काडतुसं उडवायची. तसं बघायला गेलं तर न्यू हॅम्पशायरला जिंकलेल्याला जिवंत लॉबस्टर देतात, मार्टिन्सव्हिलला उभं घड्याळ. ज्या मातीतलं बक्षीस त्या मातीचं. पण त्या रात्री तो बार बघताना माझ्या पोटात गोळा आला. त्याच रेसच्या वेळी ट्रॅकच्या आतल्या मोकळ्या भागात एका प्रेक्षकाने स्वतःवर गोळी झाडून जीव दिला. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि वादात त्यांचं नावसुद्धा कुणी घेत नाही. चार दिवसांनी, १७ एप्रिलला, विक्रीपूर्वीची पार्श्वभूमी तपासणी वाढवणारी दुरुस्ती सिनेटमध्ये पडली. बाजूने ५४, विरुद्ध ४६, आणि पुढे जायला ६० मतं लागत होती.

त्यानंतर मी बोलायला शिकले, आणि शिकवलं शॉपमधल्या एका फॅब्रिकेटरने, म्हणजे गाडीचा सांगाडा घडवणाऱ्या कारागिराने. हाडाचा शिकारी, दर हिवाळ्यात आम्हा सगळ्यांना हरणाचं मांस आणून देणारा. (मी ते शेजारणीला द्यायचे, हे त्याला माहीत होतं.) एकदा तो ड्रायव्हरचा हॅन्स तपासत होता. तू रोज बघतेस तो: मान वाचवणारा, कार्बन फायबरचा, खांद्यावर बैलाच्या जुवासारखा बसणारा, दोन पट्ट्यांनी हेल्मेटला जोडलेला. त्याने पट्ट्या ओढून बघितल्या, शिवण नखाने खरवडली, मग उलटा करून लहानसं लेबल शोधलं. त्यावर प्रमाणपत्राची तारीख असते. पाच वर्षं झाली की पुन्हा तपासून घ्यावा लागतो. मी सहज विचारलं, "तुझ्या घरच्या बंदुकांना असं लेबल कोण बघतं?" तो चिडला नाही. बराच वेळ हातातल्या वस्तूकडे बघत राहिला.

कारण त्या जुवाची गोष्ट त्याला माझ्याहून जास्त माहीत होती. हॅन्स १९८० च्या दशकातच तयार झाला होता, बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, ड्रायव्हर जिम डाउनिंग यांनी केलेला. ड्रायव्हर घालत नव्हते. अडचण होते, मान वळत नाही, आमची मर्जी. २००० साली मे महिन्यात एकोणीस वर्षांचा ड्रायव्हर अ‍ॅडम पेटी न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर अपघातात गेला, जुलैमध्ये त्याच ट्रॅकवर केनी अर्विन, ऑक्टोबरात टोनी रोपर. मग १८ फेब्रुवारी २००१ ला, डेटोनाच्या शेवटच्या लॅपमध्ये, नॅस्कारचा सर्वांत गाजलेल्यांपैकी एक ड्रायव्हर डेल अर्नहार्ट. तोही हॅन्सला नाही म्हणणाऱ्यांतला. त्याच वर्षी, ऑक्टोबरात, नॅस्कारने मानेचं संरक्षण सक्तीचं केलं, पुढच्या वर्षांत भिंतींना धक्का शोषणारे अडथळे आले. त्यानंतर वरच्या मालिकेत रेसमध्ये एकही ड्रायव्हर गेलेला नाही. आणि रेसिंग संपलं नाही, वेग संपला नाही.

तुझ्या टेबलावरच्या माणसांनी हे स्वतःच्या हाताने केलंय. धोक्याची वस्तू जीव लावून सांभाळायची आणि तरीही तिच्यामुळे गेलेला प्रत्येक माणूस मोजायचा, हे त्यांना येतं. रस्त्यावरच्या गाड्यांबाबत या देशाने तेच केलं. बंदुकीबाबत मात्र १९९६ च्या एका कलमाने सरकारी संशोधनाचा पैसाच आटवला, तो २०२० च्या अर्थसंकल्पात परत आला. त्याच २०२० साली एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूंत बंदूक पहिल्या नंबरवर गेली, गाडीच्या अपघातांना मागे टाकून.

ही तुलना पुरती बसत नाही, तेही माहीत असू दे. नॅस्कार खासगी संस्था आहे, एका पत्रकात नियम बदलते. बंदुकीमागे संविधानाची दुरुस्ती उभी आहे, १७९१ पासूनची. तो फॅब्रिकेटर हेच म्हणतो. नवा कायदा नको, हे त्याचं मत आजही ठाम आहे. पण त्या संभाषणानंतर महिन्याभरात त्याने कुलपाचं लोखंडी कपाट घेतलं, आणि नातवंडं यायची असली की किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. मला ते पुरेसं वाटत नाही, आणि मी त्याला तसं सांगतेही. आम्ही अजून भांडतो, अजून एकत्र डबा खातो.

तेव्हा सोमवारी त्या दोघांकडे जा. 'वेड' या शब्दाबद्दल माफी माग, मताबद्दल मागू नकोस. मग विचार, घरात बंदूक कुठे ठेवता, पोरं लहान असताना कुठे ठेवायचात. उत्तर पूर्ण ऐक, मध्ये बोलू नकोस. तुझी आई सांगते तुला ते जमत नाही. हॅन्सचा विषय लगेच काढू नकोस, तो हातात असेल तेव्हा आपोआप निघेल.

आणि काय झालं ते रात्री फोन करून सांग. मी जागी असेन.

तुझी,
मावशी