जात्यावरच्या ओव्या जुन्या फाँटात अडकल्या आहेत

प्रश्न : ताई, नमस्कार. मी औसा तालुक्यातला निवृत्त शिक्षक. २००३ ते २००८ या काळात आमच्या आणि शेजारच्या गावांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि घरच्या संगणकावर स्वतः टाइप केल्या. विंडोज एक्सपी, वर्ड २००३ आणि श्रीलिपीचा फाँट. २८६ पानं झाली आहेत. लातूरचे मुद्रक म्हणतात, डेमी आकारात पुस्तक करू, पण फाइल युनिकोडमध्ये द्या. मुलाच्या लॅपटॉपवर फाइल उघडली तर ओव्यांच्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. ओवीची दुसरी ओळ आत सरकवायला मी स्पेसबार वापरला आहे, पान बदलायला एंटर मारत गेलो आणि पृष्ठक्रमांक हातानं टाकले. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. सगळं पुन्हा टाइप करावं लागेल का?

उत्तर : गुरुजी, एक ओळसुद्धा पुन्हा टाइप करू नका. टाइप करता करता ‘व्हता’चं ‘होता’ कधी होऊन बसतं ते आपल्यालाही कळत नाही. तुमची फाइल बिघडलेली नाही. तिला लागणारा फाँट त्या लॅपटॉपवर नाही, एवढंच.

परभणीत मी १९९७ पासून डीटीपी करते. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्यावर आमच्या पिढीचं पोट चाललं. या जुन्या फाँटांत संगणक आत साठवतो ते रोमन अक्षरांचे क्रमांक. फाँट त्या क्रमांकावर क, काना, वेलांटी यांचं चित्र बसवतो. फाँट नसला की खालचं रोमन उघडं पडतं. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो कुठल्याही संगणकावर ‘क’च राहतो.

सगळ्यात आधी जुन्या संगणकावरूनच २८६ पानं कागदावर छापून घ्या. लाइटीच्या वेळा बघून दोन-तीन दिवसांत करा, पण करा. पुढचं सगळं काम या गठ्ठ्याशी ताडून करायचं आहे. मग फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, तेव्हा तो संगणक इंटरनेटला जोडू नका. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावताना आधी व्हायरससाठी तपासून घ्या.

फाँटचं नाव आकड्यासकट टिपून ठेवा. ‘श्रीलिपी’ एवढं पुरत नाही, ‘श्री-देव-०७१४’ असं पूर्ण लागतं. कन्व्हर्टरला, म्हणजे जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रामला, चुकीचा फाँट सांगितला तर मजकूर वरवर मराठी दिसतो आणि अधूनमधून भलतीच अक्षरं निघतात.

पहिल्या दिवशी एकच पान बदलून बघा. अडचण कुठं येते ते सांगते. जुन्या फाँटात अक्षर जसं दिसतं तसं साठवलं जातं : ‘कि’मध्ये आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी क मग वेलांटी. रफाराचं उलट. ‘सर्प’ लिहिताना जुन्या फाँटात रफार ‘प’नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र’ आधी. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते, आणि वेलांटीपुढं जोडाक्षर आलं की तो चुकतो. इंग्रजी फाँटात टाकलेलं एखादं साल असेल तर तेही तो मराठी समजून बदलून टाकतो.

पण माझी खरी भीती ‘ऱ्य’ची आहे. २०११ साली उदगीरच्या एका बाईंचं आत्मकथन मी असंच बदललं आणि न वाचता छपाईला दिलं. त्यात बालाघाटच्या दऱ्यांचं वर्णन होतं. पुस्तक आलं तेव्हा ‘दऱ्या’चा सगळीकडे ‘दर्या’ झालेला होता. त्या बाई मला काहीच बोलल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. तेव्हापासून मी ‘वाऱ्या’, ‘साऱ्या’, ‘म्हाताऱ्या’, ‘पायऱ्या’ हे शब्द एकेक करून शोधते आणि कागदाशी ताडून बघते. तुमच्या ओव्यांत पंढरीची वाट असणारच, म्हणजे ‘वारकऱ्या’ही शोधा.

आता मांडणी. पानाचा आकार सगळ्यात आधी ठरवा : डेमी म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. वर्ड उघडताना ए-फोर देतं. त्यावर पानं जुळवत बसलात तर आकार बदलल्यावर सगळी मेहनत वाया जाईल. समास ‘मिरर मार्जिन’चे, म्हणजे समोरासमोरच्या पानांवर आरशासारखे उलटे, घ्या आणि शिलाईच्या बाजूला थोडी जास्त जागा सोडा. हातानं टाकलेले पृष्ठक्रमांक आणि रिकामे एंटर काढून टाका. क्रमांक वर्डला टाकू द्या, आणि जिथं खरंच नवं पान हवं तिथं कंट्रोल-एंटर.

स्पेस मात्र घाईनं काढू नका. दुसऱ्या ओळीआधीच्या त्या स्पेस हीच ओवी ओळखायची खूण आहे. त्यांच्या आधारानं प्रत्येक ओवीच्या दोन्ही ओळी शिफ्ट-एंटरनं एका परिच्छेदात बांधा. ‘ओवी’ नावाची एक स्टाइल, म्हणजे मांडणीचा ठरलेला साचा, करा, तिच्यात ‘कीप लाइन्स टुगेदर’ चालू ठेवा. मग ओवीची पहिली ओळ या पानाच्या तळाशी आणि दुसरी पुढच्या पानावर, असं होणार नाही. सांगणारीचं नाव आणि गाव यांना वेगळी स्टाइल द्या. हे झालं की ओळीआधीच्या त्या स्पेस फाइंड-रिप्लेसनं खुशाल काढा, शब्दांमधल्या नाही.

फाँट मोफत मिळणारा ‘मुक्ता’ किंवा ‘शोभिका’ घेतला तरी चालेल. एक पान छापून मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श येतो का तेवढं बघा.

ऑटोकरेक्ट पहिल्या दिवसापासून बंद. आणि मुद्रितशोधकाला लिहून द्या : ‘माजा’, ‘हाय’, ‘व्हता’, ‘लई’ या चुका नाहीत, हात लावू नये. पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहा. चांगल्या मनाच्या माणसांनीच आपल्या बोलीतले शब्द सर्वांत जास्त पुसलेले मी बघितले आहेत. बाई जशी बोलली तशी ती छापली गेली पाहिजे.

शेवटचं वाचन डोळ्यांवर टाकू नका. नातवाला किंवा सुनेला पडद्यावरचं मोठ्यानं वाचायला सांगा, तुम्ही जुना गठ्ठा मांडीवर घेऊन ऐका. ओव्या सांगणाऱ्या बायकांपैकी जी कोणी आज आहे तिला शेजारी बसवा. चुकीचं अक्षर तिच्या कानाला आधी कळेल. रोज दहा पानं, महिन्याभरात उरकतं. पहिला फर्मा, म्हणजे १६ पानं, कागदावर तपासल्याशिवाय मुद्रकांना पुढची छपाई करू देऊ नका, आणि तोवर तो जुना संगणक भंगारवाल्याला देऊ नका.