कोकणातल्या ज्यूंना ‘शनवार तेली’ का म्हणायचे?
सोपंय. अलिबाग-पेण पट्ट्यातले बेने इस्राएल, म्हणजे हेच कोकणी ज्यू, घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद, कारण शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत काम नाही, चूलसुद्धा पेटवायची नाही. गावाला एवढंच दिसलं की हे तेली शनवारी सुट्टी घेतात, झालं, नाव पडलं. आडनावंही गावावरूनच, किहीमकर, पेणकर, रोहेकर, त्यामुळे नुसत्या नावावरून हे ज्यू आहेत हे पटकन कळतच नाही. मला मात्र त्यांचा मलिदा सगळ्यात भारी वाटतो! भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, सोबत फळं, एलियाहू हनाबी या ज्यू प्रेषिताच्या नावाने हिब्रू प्रार्थना म्हणून सगळ्यांना वाटतात, लग्नाच्या वेळी किंवा नवस फेडायला. बाकी ज्यूंकडे हा प्रकार नाही, अस्सल कोकणातलाच आहे.