युनियनचं अपील चालू आहे म्हणून थांबलात? १८० दिवस थांबत नाहीत

न्यू जर्सीत एका कम्युटर रेल्वेवर असिस्टंट कंडक्टर असलेल्या वाचकाचा मेल १९ जुलैला आला. मागच्या नोव्हेंबरात संध्याकाळच्या गाडीखाली एक माणूस आला. इंजिनिअर (इथे गाडी चालवणाऱ्याला म्हणतात) कॅबमध्ये थांबला आणि हे टॉर्च नि रेडिओ घेऊन खाली उतरले, खडीवरून मागे चालत गेले, चौथ्या डब्याखाली जे होतं ते ह्यांनी बघितलं. सुपरवायझर आला, ‘यू ओके?’ म्हणाला, हे ‘आय ॲम गुड’ म्हणाले. इंजिनिअरला घरी सोडलं, दुसरा आला, आणि हे तीच गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत घेऊन गेले. पुढे झोप गेली, डिसेंबर-जानेवारीत सहा वेळा सिक मारली, अटेंडन्सचा चार्ज लागला, सुनावणी झाली आणि १४ फेब्रुवारीच्या पत्राने तीस दिवस सस्पेन्शन. ह्यांचं म्हणणं: “सरकारी नियमाप्रमाणे प्रत्येक रेल्वेला क्रिटिकल इन्सिडेंट स्ट्रेस प्लॅन ठेवावा लागतो असं ऐकलं. त्यात मी बसतो का, की तो फक्त इंजिनिअरसाठी असतो? त्यावर केस होते का? युनियनचं अपील चालू आहे, त्याचा निकाल लागला की पुढचं बघू.”

हे ‘पुढचं बघू’ आधी डोक्यातून काढा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. फेडरल रेलरोड सेफ्टी ॲक्टचं कलम २०१०९ म्हणतं की कामामुळे झालेली इजा किंवा आजार कळवला म्हणून रेल्वेने शिक्षा केली तर ओशाकडे (कामगारांच्या सुरक्षेचं फेडरल खातं) तक्रार करता येते, पण ती १८० दिवसांच्या आत. हे दिवस शिक्षा तुम्हाला कळली तेव्हापासून मोजतात, अपीलचा निकाल लागतो तेव्हापासून नाही. पत्र तुमच्या हातात त्याच दिवशी पडलं असं धरून मोजते, १४ फेब्रुवारी अधिक १८० म्हणजे १३ ऑगस्ट. मी लिहितेय आज २६ जुलै. अठरा दिवस. युनियनचं अपील वेगळ्या रुळावरून चालतं, त्याने हे घड्याळ बंद पडत नाही, आणि युनियनच्या लोकल चेअरमनने तुम्हाला हे सांगितलं नाही यात मला नवल नाही, त्यांचं काम ॲग्रीमेंट बघायचं. पण तुम्ही पाच महिने कुणालाच विचारलं नाहीत याचं आहे. रेल्वेवाल्यांचे असे मेल मला येतातच आणि बहुतेक वेळा ते १८० दिवस उलटल्यावर येतात, त्यामानाने तुम्ही लवकर म्हणायचे.

आता प्लॅन, म्हणजे असा प्रसंग बघितलेल्या कर्मचाऱ्याला काय मदत द्यायची ते रेल्वेने लिहून ठेवायचं. २००८ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला मेट्रोलिंकची गाडी मालगाडीवर आदळून २५ माणसं गेली, महिन्याभरात काँग्रेसने रेल सेफ्टी इम्प्रूव्हमेंट ॲक्ट पास केला, आणि त्यात घातलं की मोठ्या रेल्वेंनी असे प्लॅन करावेत. त्याचा नियम निघाला मार्च २०१४ मध्ये आणि लागू झाला २३ जून २०१४ ला. पावणेसहा वर्षं, एका नियमाला. प्रत्येक रेल्वेला तो नाहीये, क्लास वन मालवाहू कंपन्या, इंटरसिटी पॅसेंजर आणि कम्युटर रेल्वे एवढ्यांनाच आहे. (ओहायोतून एका शॉर्ट लाइनवरच्या, म्हणजे छोट्या स्थानिक रेल्वेवरच्या, वाचकाने हेच विचारलं होतं, त्यांना यातून काही मिळणार नाही.) तुमची रेल्वे यात येते.

आणि तुम्हीही येता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त कॅबमधला माणूस ‘डायरेक्टली इन्व्हॉल्व्ड’ असा समज सगळीकडे आहे, सुपरवायझर लोकांमध्ये तर फारच. नियमात लिहिलंय की घटना घडताना जो समक्ष बघतो किंवा तिचे लगेचचे परिणाम जो समक्ष बघतो तोसुद्धा. टॉर्च घेऊन मागे चालत गेलेला कंडक्टर म्हणजे तोच की. मेलेल्याने आत्महत्या केली असली तरी फरक पडत नाही, २०११ पासून त्याही केसेस एफआरएला (फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशन, रेल्वेंवर देखरेख करणारं सरकारी खातं) कळवाव्या लागतात. अशा माणसाला काय काय मागता येतं ते रेल्वेने आपणहून आणि शक्य तितक्या लवकर सांगायचं असतं. उरलेल्या ड्यूटीतून सुटका, होम टर्मिनलपर्यंत गाडी, काउन्सेलिंग, पुढच्या ड्यूट्यांतूनही वाजवी सुटका. ‘यू ओके?’ म्हणजे हे सांगणं नव्हे. पण रेल्वे म्हणणार की सुटका मागितली तर द्यायची असते आणि ह्यांनी मागितलीच नाही, उलट आय ॲम गुड म्हणाले. त्यामुळे त्या रात्री कुठल्या फॉर्मवर सही केलीत का, त्यावर ‘पर्याय समजावले’ अशी चौकट होती का, ते आठवा. मेलमध्ये तुम्ही त्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही.

प्लॅनची कॉपी मागा. एफआरएने मंजूर केलेला प्लॅन कर्मचाऱ्यांना उपलब्ध करून देणं बंधनकारक आहे, उपकार नाही. गंमत बघा, या प्लॅनभोवती सरकारी कागद भरपूर. रेल्वेने तो एफआरएला मंजुरीला पाठवायचा, त्याच वेळी कॉपी युनियनच्या राष्ट्रीय अध्यक्षांना, त्यांना हरकतीसाठी ९० दिवस, मोठा बदल केला तर पुन्हा मंजुरी, आणि पेपरवर्क रिडक्शन ॲक्टखाली एफआरए दर काही वर्षांनी जाहीर करते की या सगळ्या कागदांना रेल्वेंचे किती तास जातात. तास मोजलेत, सह्या झाल्यात, सगळं फाइलला लागलंय. आणि ज्या माणसासाठी हे केलं त्याला चौथ्या डब्यापाशी प्लॅन नावाची चीज आहे हेच माहीत नव्हतं.

पण प्लॅन मोडला म्हणून तुमच्या खिशात काही येत नाही. दंड होतो तो एफआरए करते आणि तो सरकारजमा होतो. ‘फेला’खाली (रेल्वे कर्मचाऱ्याला कामावर इजा झाली तर भरपाई मागायचा फेडरल कायदा) नुकसानभरपाई मागावी म्हणाल तर त्याला तीन वर्षं आहेत, घाई नाही, पण सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या गॉटशॉल निकालात सांगून ठेवलंय की नुसत्या मानसिक धक्क्याची भरपाई हवी असेल तर तुम्हाला स्वतःला मार बसलेला हवा किंवा तुम्ही स्वतः धोक्याच्या टप्प्यात असायला हवं. तुम्ही उभ्या गाडीच्या कडेने चालत होतात. शेजारच्या रुळावर गाड्या चालू होत्या का हे विचारायला हवं, नसतील तर हा रस्ता अवघड आहे, फार आशा लावून बसू नका.

मग उरतं काय? तुमच्या मेलच्या खाली, नमस्कार लिहून झाल्यावर, ताजा कलम टाकल्यासारखं एक वाक्य आहे: “३ जानेवारीला मी ट्रेनमास्टरला टेक्स्ट केला होता की त्या रात्रीपासून झोप लागत नाही, थोडे दिवस द्या, त्याने फक्त अंगठा पाठवला.” अहो, दोन पानं लिहिलीत आणि सगळी केस ताजा कलमात! तुम्ही आजार कळवला, तो कामावरच्या घटनेमुळे आहे असं कळवलं, वरिष्ठाला कळवलं, शिक्षेच्या आधी कळवलं, आणि त्याने वाचलं याचा पुरावा म्हणून त्याचा तो अंगठा. याहून चांगला कागद तुमच्याकडे दुसरा नाही.

पुढच्या ओळीत लिहिता की तो जुना फोन बायकोने एक्सचेंजला द्यायला काढलाय. द्यायचा नाही. चार्जिंगला लावा, तो मेसेज उघडा, तारीख आणि वरचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, दुसऱ्या फोनवरून त्याचा फोटोही काढा, स्वतःला मेल करा, आणि फोन तसाच कपाटात ठेवा. रीसेट नाही, ‘स्टोरेज फुल’ म्हणून साफसफाई नाही.

या टेक्स्टवर मी एवढी का अडून बसलेय ते सांगते. न्यू जर्सी थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाखाली येतं, आणि तिथले दोन निकाल तुमच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत. २०१३ चा न्यू जर्सी ट्रान्झिटच्या कंडक्टरचा. कामाच्या जागी कॉन्ट्रॅक्टरचा माणूस विजेच्या धक्क्याने गेला, कंडक्टरने स्वतःचा मानसिक त्रास रिपोर्ट केला, नंतर त्याच्यावर नियम मोडल्याची कारवाई झाली. खालच्या कोर्टाने त्याला बाहेर काढलं होतं, थर्ड सर्किटने आत घेतलं आणि म्हटलं की शिक्षेला त्या रिपोर्टचा थोडाफार हातभार लागला एवढं कर्मचाऱ्याने दाखवलं की बास, पुढचं ओझं रेल्वेवर आणि तेही जड. दुसरा २०१५ चा, पाथ रेल्वेचा. तिथल्या कर्मचाऱ्याची पाठ घरी दुखावली, सुट्ट्या झाल्या, शिक्षा झाली, आणि कोर्ट म्हणालं की कामाबाहेरच्या दुखण्याला या कायद्याचं संरक्षण नाही.

तर तुम्ही क्रू ऑफिसला सहा वेळा काय सांगितलंत? दोनदा ताप, तीनदा पोट, एकदा ‘फॅमिली इश्यू’. म्हणजे स्वतःच्या तोंडाने स्वतःला २०१५ च्या खड्ड्यात नेऊन बसवलंत. सुनावणीतही त्या रात्रीबद्दल गप्प. का, तर मेलमध्ये लिहिलंय, बाबा मुंबईत मोटरमन होते, आयुष्यात कित्येक वेळा त्यांच्या गाडीखाली माणसं आली, पण घरी येऊन ते कधी बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायचे. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण ते बोलले नाहीत म्हणजे त्यांना झोप लागत होती असं तुम्हाला कुणी सांगितलं?

असो. खोटी कारणं तक्रारीत लपवू नका, रेल्वेकडे फोनची नोंद असणारच. सरळ लिहा की लाज वाटली म्हणून ताप सांगितला, खरं कारण ३ जानेवारीला ट्रेनमास्टरला सांगितलं होतं. सहापैकी किती सुट्ट्या ३ जानेवारीनंतरच्या आहेत तेही नीट मांडा, कारण आधीच्यांचं काय होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही. आणि हात जोडून सांगते, कुठल्याही डॉक्टरकडून मागच्या तारखेचं सर्टिफिकेट आणू नका. आपल्याकडे कोपऱ्यावरचे डॉक्टर पन्नास रुपयांत देतात, इथे त्या एका कागदाने उरलेली केसही जाईल आणि नोकरीही, खोटेपणाच्या चार्जखाली. आजच्या तारखेला जा, आजच्या तारखेचं निदान लिहून घ्या, नोव्हेंबरपासून काय होतंय ते डॉक्टरला त्याच्या नोंदीत लिहू दे. मार्चमध्ये तुम्ही कंपनीच्या ईएपीला (कर्मचाऱ्यांसाठीची समुपदेशन-मदत सेवा) एकदा फोन केला होतात, त्याची नोंदही मागवा, शिक्षेनंतरची असली तरी त्रास खरा होता हे त्यातून दिसतं.

तक्रार द्यायला वकील लागत नाही, फी लागत नाही, ठरलेला फॉर्मसुद्धा लागत नाही. ऑनलाइन देता येते, फोनवर तोंडीही देता येते, आणि इंग्रजी येत नसेल तर कुठल्याही भाषेत घेतात, नियमातच आहे, म्हणजे मराठीतही. पण तुम्ही चौदा वर्षं इंग्रजीत अनाउन्समेंट करताय, इंग्रजीतच द्या. नोव्हेंबरची घटना, ३ जानेवारीचा टेक्स्ट, १४ फेब्रुवारीचं पत्र, आणि दुसऱ्यामुळे तिसरं झालं असं मला वाटतं, एवढं आलं तरी पुरे, बाकीचं नंतर जोडता येतं. १३ ऑगस्टची वाट बघू नका, या आठवड्यात द्या, आणि दिल्याची पोच जपून ठेवा.

नंतर मात्र धीर धरावा लागेल. कायद्यात तपासाला ६० दिवस लिहिलेत, त्या ६० दिवसांना आपल्याकडच्या ‘पुढच्या तारखे’इतकाच अर्थ आहे. २१० दिवसांत अंतिम निर्णय आला नाही तर तुम्हाला थेट फेडरल कोर्टात जाता येतं. तिथे जायचं का हे तेव्हा ठरवू, त्या वेळी वकील मात्र रेल्वेच्या केसेस करणाराच घ्या, घर विकताना क्लोझिंग करून देणारा नको. जिंकलात तर सस्पेन्शनचा पगार व्याजासह, रेकॉर्ड साफ, वकिलाचा खर्च, आणि फारच वाईट वागणूक सिद्ध झाली तर दंडात्मक भरपाई, ती जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. तुमच्या केसमध्ये तो आकडा विसरा.

फॅमिली लीव्हचं विचारलंत. गेल्या १२ महिन्यांत १२५० तास भरत असतील तर १२ आठवडे मिळू शकतात, पण पुढच्यासाठी, झालेल्या सुट्ट्या मागे जाऊन त्यात बसवणं कठीण. रेलरोड रिटायरमेंट बोर्डाच्या सिकनेस बेनिफिटचंही तसंच, तिथे पहिल्या आजारी दिवसापासून दहा दिवसांत अर्ज पोचावा लागतो, तेव्हा पुन्हा सुट्टी घ्यावी लागली तर या वेळी फॉर्म आधी भरा.

आणि ग्रीन कार्ड. ओशाकडे तक्रार केली म्हणून ते जात नाही. हा प्रश्न मला प्रत्येक मेलमध्ये असतो म्हणून उत्तर देतेय.

लोकल चेअरमनला तक्रारीची कॉपी द्या, त्यांचं अपील त्यांना चालवू द्या. तक्रारीचा नंबर आला की मला दोन ओळी लिहा, आणि या वेळी महत्त्वाचं जे असेल ते नमस्काराच्या वर.