प्रियकराला ‘ओप्पा’ म्हणतात, मग मराठीत ‘दादा’ का नको?

एका वाचकभगिनीने विचारले आहे की, कोरियन प्रेममालिकांतील नायिका नायकाला ‘ओप्पा’ अशी हाक मारते, कोशात मात्र त्याचा अर्थ ‘थोरला भाऊ’ असा मिळतो. मग या मालिकांचे संवाद मराठीत देताना ‘दादा’ लिहावे का, आणि प्रियकराला भाऊ म्हणणे तेथील लोकांना खटकत कसे नाही? माझे मत स्पष्ट आहे. ‘दादा’ लिहू नये, ‘ओप्पा’ तसाच ठेवावा.

कोरियन भाषेत थोरल्या भावंडांना हाक मारण्यासाठी चार शब्द आहेत आणि त्यांतला कोणता वापरायचा, हे भावंड कोण आहे यावर जितके, तितकेच हाक मारणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष यावर ठरते. मुलगी थोरल्या भावाला ‘ओप्पा’ आणि थोरल्या बहिणीला ‘ऑन्नी’ म्हणते. मुलगा त्याच भावाला ‘ह्यंग’ आणि त्याच बहिणीला ‘नूना’ म्हणतो. मराठीला हा प्रकार अगदीच परका नाही. जोडीदाराचा भाऊ बाईचा ‘दीर’ असतो आणि पुरुषाचा ‘मेहुणा’; ‘नणंद’ आणि ‘मेहुणी’ यांचेही तसेच. सख्ख्या भावंडांत मात्र मराठी हा भेद करत नाही. ‘दादा’ ही हाक बहिणीची असू शकते, तशीच धाकट्या भावाचीही. ‘ओप्पा’ हा शब्द कानावर पडताच बोलणारी स्त्री आहे, समोरचा पुरुष आहे आणि तो तिच्याहून मोठा आहे, या तिन्ही गोष्टी कळतात. या शब्दाला प्रेमाची छटा येऊ शकली, त्याचे एक कारण मला यातच दिसते.

दुसरे कारण शिष्टाचाराचे आहे. आपल्याहून मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणे कोरियात उद्धटपणाचे समजतात, त्यामुळे शेजारचा किंवा ओळखीतला थोडा मोठा मुलगाही ‘ओप्पा’च असतो. कार्यालयात मात्र नावापुढे ‘शी’ लावतात किंवा ज्येष्ठ सहकाऱ्याला ‘सन्बे’ म्हणतात. अशा औपचारिक संबोधनावरून नायिका ‘ओप्पा’वर येते तेव्हा नाते एक पायरी पुढे गेलेले असते, आणि बहुधा त्याच सुमारास ‘जोंदेमल’ म्हणजे अहोजाहो सुटून ‘बानमल’ म्हणजे अरेतुरे सुरू होते. अनेक मालिकांत हा क्षण प्रेमाच्या कबुलीइतकाच महत्त्वाचा असतो. इंग्रजी उपशीर्षकांत ‘ओप्पा’च्या जागी अनेकदा नायकाचे नाव घालतात, हे मला फार चुकीचे वाटते, कारण जे नाव घेणे ती टाळते आहे तेच तिच्या तोंडी येते. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याचा अर्थ मराठी वाचकाला सांगावा लागत नाही, मराठी अनुवादकाने ही सोय वाया घालवू नये.

‘दादा’ येथे नेमका उलटा अर्थ देतो. आपल्याकडे मुलीने एखाद्या मुलाला ‘दादा’ म्हटले की प्रेमाची शक्यता बहुधा तिथेच संपते. त्या हाकेमागे राखी आणि भाऊबीज उभी असते. (थाई मालिकांतील ‘फी’ या हाकेचीही अशीच अडचण होते. तिचाही मूळ अर्थ ‘थोरले भावंड’ असा आहे, तो शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही लागतो आणि प्रियकरालाही सर्रास वापरतात.)

या संबोधनांचे सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण मला ‘ओप्पा’पेक्षा ‘नूना’च्या एका मालिकेत दिसते. जेटीबीसी वाहिनीवर २०१८ साली आलेली ‘समथिंग इन द रेन’ ही ती मालिका. तिच्या कोरियन नावाचा अर्थ साधारण ‘आवर्जून जेवू घालणारी सुंदर नूना’ असा आहे. नायक हा नायिकेच्या जिवलग मैत्रिणीचा धाकटा भाऊ, त्यामुळे ‘नूना’ ही हाक त्यांच्यात प्रेमाच्या आधीपासूनच आहे. प्रेम त्या जुन्या हाकेतच येऊन राहते आणि घरच्यांचा विरोधही त्या जुन्या घरोब्यामुळे अधिक बोचरा होतो. इंग्रजी नावात हे सारे पुसले गेले. निव्वळ लाडीगोडीसाठी ‘ओप्पा, ओप्पा’ करणाऱ्या नायिकांपेक्षा ही मालिका मला कितीतरी खरी वाटते.

हा शब्द खुद्द कोरियातही सर्वांना सारखाच प्रिय आहे, असे नाही. १९८०च्या दशकातील विद्यार्थी चळवळीच्या काळात अनेक विद्यार्थिनी ज्येष्ठ विद्यार्थ्यांना ‘ओप्पा’ऐवजी मुलांचा ‘ह्यंग’ हा शब्द वापरत, कारण त्यांना बरोबरीचे नाते हवे होते. लग्नानंतरही नवऱ्याला ‘ओप्पा’ म्हणणे जुन्या वळणाच्या लोकांना रुचत नाही. इंग्रजीने मात्र तो उचलला. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात २०२१ साली ‘ओप्पा’ आणि ‘नूना’ दोन्ही दाखल झाले.

राहता राहिला मराठीतल्या रूपांचा प्रश्न. ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होते, तसे ‘ओप्प्याला’ करू नये. ‘दादा’, ‘काका’, ‘मामा’ हे आकारान्त नातेवाचक शब्द प्रत्ययापूर्वी बदलत नाहीत, म्हणून ‘ओप्पाला’, ‘ओप्पाचा’, ‘ओप्पाने’ अशीच रूपे बरोबर ठरतात, आणि अनेकवचनही ‘ओप्पा’च राहते. ‘नूना’ स्त्रीलिंगी असली तरी ‘शाळेला’प्रमाणे ‘नूनेला’ न करता ‘नूनाला’ लिहावे, म्हणजे मूळ हाक ओळखू येईल.